गोठ्यातला दोर

शनिवार, ८ मार्च १९५८

गायीने दावं तोडलं. सकाळी दूध काढायला गेले तर बाईसाहेब शेजारी यूअनच्या परसात, कोबीचे बुंधे चघळत उभ्या. दावं आधीच दोन ठिकाणी गाठ मारून चालवलेलं, तेव्हा तिला तरी काय बोलणार. यूअन म्हणाला, "इशबेल, तुमची गाय आपल्या चर्चच्या मंडळीत यायला बघतेय." एरवी मंडळीतला सगळ्यात गंभीर माणूस. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक. कोबी गेला तरी विनोद सुचला, हेही नसे थोडके.

नवा दोर घ्यावा लागणार. फिन्ले, सगळे नवरे म्हणतात तसं म्हणाला, "स्टॉर्नोवेच्या बाजाराला गेलो की आणतो." कधी जाणार? पुढच्या आठवड्यात आमच्या मंडळीचं वर्षाचं प्रभुभोजन. गुरुवारपासून सोमवारपर्यंत उपासना, घर पाहुण्यांनी भरलेलं.

गोठ्यात दोर आहे. जाडजूड, अजून कसदार. पण तो दोर गायीला बांधायचा नसतो.

आज दुपारी फिन्लेने तो खुंटीवरून काढला, झटकला, डांबराचा हात दिला, परत टांगला. दर मार्चला करतो, पाहुणे यायच्या आधी. करताना बोलत नाही. मीही बोलत नाही. गोठ्याच्या भिंतीला चुना लावायला काढला होता — दोराच्या कडेकडेने कुंचला फिरवला, नेहमीसारखा.

सोमवार, १० मार्च

गाद्यांत नवा पेंढा भरला. पेंढ्याचा वास आला की मी आठ वर्षांची होते. याच खोलीत जमिनीवर ओळीने बायका निजायच्या, लुईस बेटावरच्या कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या, आणि दिवा मालवल्यावर त्यांची कुजबुज चालायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवरा समुद्रावर, कुणाला कालच्या प्रवचनात रडू आलं. आई मधूनच म्हणायची, "बायांनो, देवालाही झोप हवी असेल." आणि सगळ्या हसायच्या, उशीत तोंड खुपसून.

आम्ही दुसऱ्या गावच्या प्रभुभोजनाला जायचो तेव्हा माळावरून अनवाणी चालत. बूट हातात. चर्च दिसायला लागलं की ओढ्यात पाय धुवायचे आणि मग बूट घालायचे — बूट झिजू नयेत म्हणून. काटकसर मी तिथेच शिकले. आता मोटार येते, बूट झिजत नाहीत, आणि चालण्याची ती गंमतही नाही.

ही पानं हिशेबाच्या वहीची मागची बाजू. पुढून पीठ, चहा, रॉकेल, मागून मी. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली गावातली मी पहिली मुलगी. आईची मैत्रीण किरस्टी मावशी म्हणायची, "एवढं शिकून शेवटी कोंबडीच सोलायची ना पोरी?" खरं आहे. सोलताना लॅटिनची क्रियापदं म्हणायचे, एवढाच फरक.

लिहायला घेतलंच आहे तर त्या दोराचं लिहिते. कधी लिहिलेलं नाही.

मी एकवीस वर्षांची. नोव्हेंबरचा महिना, संध्याकाळ होत आलेली. माझा भाऊ तॉर्मोद आणि त्याचा मासेमारीतला जोडीदार फिन्ले, दोघांची होडी खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटली. घर हाकेच्या अंतरावर! सगळा गाव किनाऱ्यावर. दोर फेकला. त्या लाटांत एका वेळी एकच माणूस ओढता येणार होता. दोर तॉर्मोदच्या हाती लागला, सगळ्यांनी पाहिलं. त्याने तो फिन्लेच्या कमरेला बांधला. ओढणाऱ्यांत मी होते, माझ्यापुढे आई. पाण्यात माणूस ओळखू येईना. आई प्रत्येक हिसक्याला "तॉर्मोद, तॉर्मोद" म्हणत होती. वर आला तो फिन्ले. दोर परत फेकला तेव्हा खडकावर कुणी नव्हतं.

आईने अंगावरची शाल काढून फिन्लेला गुंडाळलं. तॉर्मोदसाठी घरून आणलेले कोरडे मोजे फिन्लेच्या पायात घातले. स्वतः, गुडघ्यावर बसून.

वसंतात फिन्ले आला आणि चुलीत जाळायला माळावरची माती, आमच्या वाट्याचं पीट, कापून, रचून, न बोलता गेला. मग बटाटे लावायला आला. मेंढ्या कातरायला आला. दोन वर्षांनी माझ्यासाठी विचारायला आला. आईला दुसरं कुणी नव्हतं, तो घरजावई झाला. आई गेली, मुलं ग्लासगोला गेली, आम्ही दोघं इथेच.

चांगला नवरा. तीस वर्षांत आवाज चढवला नाही. पण एक गोष्ट मी कधी विचारली नाही. मला मागितलं ते मी हवी होते म्हणून, की आईचा मुलगा गेला त्याची भरपाई म्हणून? विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग त्या उत्तराशेजारी रोज निजावं लागलं असतं.

मंगळवार, ११ मार्च

मेंढरू कापलं. फिन्लेनेच. डॉक्टरांनी जड काम करू नकोस म्हणून सांगितलंय, हृदय थकलंय म्हणाले नाताळानंतर. ऐकतो कुठे. पाहुण्यांना घरातलं सगळ्यात चांगलं जनावर, ही आईची रीत, आणि आईची रीत म्हणजे त्याला दहा आज्ञांनंतरची अकरावी.

लहानपणी मी रडायचे. तॉर्मोद गोठ्यामागे लपायचा. आई म्हणायची, "कुणाचं तरी काहीतरी गेल्याशिवाय कुणाचं ताट भरत नाही. खा आणि उपकार मान." चर्चचे पाळक त्यावर दीड तास बोलतात.

बुधवार, १२ मार्च

पाहुणे आले. नऊ माणसं. हॅरिसहून किरस्टी मावशी — ऐंशी ओलांडली, दात एक, जीभ पूर्वीचीच. दारातूनच, "इशबेल पोरी, म्हातारी झालीस की गं!"

मावशी, मी चोपन्नची.

मटणाचं सूप, ओटच्या भाकऱ्या, खारवलेली मासळी. फिन्ले सगळ्यांच्या पिशव्या उचलून आत नेत होता. मी अडवायला गेले तर मावशी म्हणाली, "उचलू दे. तॉर्मोदने त्याला एका टोकाला बांधलं आणि दुसरं टोक तुझ्या हातात दिलं. आता सुटतोय कुठे?" सगळे हसले. फिन्लेही हसला. मी चहा गाळायला आत गेले.

हा विनोद मी लग्नाच्या जेवणात पहिल्यांदा ऐकला. तेव्हाही चहाच गाळायला गेले होते.

गुरुवार, १३ मार्च

उपासाचा दिवस. दोन उपासना. प्रवचनात मावशीने आईसारखीच पुदिन्याची पांढरी गोळी बाकाखालून पुढे केली. जिभेवर ठेवली आणि क्षणभर मला आईचा हात दिसला, हातमोज्याचं शिवलेलं बोट.

फिन्ले शेवटच्या बाकावर, दाराशी. ती त्याची जागा.

मी लग्नाआधीच आईबरोबर प्रभूच्या मेजावर बसले, आपल्यासाठी मेलेल्या प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला घ्यायला. तो कधी आला नाही. आमच्यात असे पुष्कळ आहेत — जन्मभर एक उपासना चुकवत नाहीत, पण प्रभूच्या मेजावर यायची आपली लायकी नाही म्हणून मागेच बसतात. रविवारी, शब्बाथाच्या त्या तासापुरते आम्ही नवराबायको नसतो. माझ्यापुढे पांढरं कापड, भाकर, प्याला. त्याच्यापुढे आमच्या पाठी.

त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "माझ्यासाठी एकजण आधीच मेलाय, इशबेल. त्याचंच फिटत नाही. दुसऱ्याचं कुठून घेऊ?"

एकदाच शेजारी बसावा. डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. यंदा, प्रभू.

शुक्रवार, १४ मार्च

प्रश्नाचा दिवस. आज पाळक बोलत नाहीत, मंडळीतले पुरुष बोलतात. एकजण उठून वचन देतो आणि प्रश्न घालतो. बायबलमधलं आजचं वचन खंडणीचं, प्रभूने पुष्कळांसाठी आपला जीव दिला ते. प्रश्न असा: ज्याला असं सोडवलं गेलंय तो माणूस ओळखायचा कशावरून?

एकजण म्हणाला, अश्रूंवरून. एकजण म्हणाला, त्याला पाप टोचतं त्यावरून. यूअन पंधरा मिनिटं बोलला आणि कशावरून ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग पश्चिमेकडच्या गावातला एक म्हातारा उठला. पहिल्यांदाच आलेला, इथे कुणाला ओळखत नाही. म्हणाला, "मी मच्छीमार. मला पाण्यातलंच कळतं. बुडणाऱ्या माणसाला ओढून होडीत घेतलं तर तो काय करतो? कुडकुडतो. आणि दिलेली घोंगडी पांघरून घेतो. घोंगडीचे किती झाले असं जो आधी विचारतो ना, त्याला अजून आपण बुडत होतो हेच उमगलेलं नाही."

बसला.

मागे बूट करकरला. फिन्लेचा डावा. दार उघडलं, वारा आत आला, दार लागलं.

बाहेर आल्यावर मावशीने माझं कोपर धरलं. "त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, मावशी."

"मग देवाने सांगितलं असेल." घरापर्यंत तिने माझं कोपर सोडलं नाही.

घरी आले तर फिन्ले गोठ्यात, दोराकडे तोंड करून उभा. जेवायला आला, जेवला नाही. मला सारखे आईने घातलेले ते मोजे दिसत राहिले. राखाडी, टाचेला रफू. माझंच रफू. परत करायला म्हणून तो दुसऱ्या दिवशी धुऊन घेऊन आला होता, आणि आईने घेतले नव्हते.

शनिवार, १५ मार्च

उद्या शब्बाथ, चाकू हातात घ्यायचा नाही, पाणी आणायचं नाही. म्हणून आजच बादल्या भरल्या आणि बटाटे सोलायला बसले, उद्याचे सगळे. पाहुणे उपासनेला गेले होते. फिन्ले आला, समोर स्टुलावर बसला आणि दुसरा चाकू उचलला. आमच्याकडे पुरुष बटाटे सोलत नाहीत. सालं जाड काढत होता, तरी काढू दिली.

"तुला एक सांगायचं राहिलंय," म्हणाला.

"कधीचं?"

"होडी फुटली त्या दिवसाचं."

मी सोलत राहिले.

"त्या दुपारी जाळी ओढताना मी तॉर्मोदला तुझ्याबद्दल विचारलं होतं. मागणी घालू का म्हणून."

माझा चाकू थांबला. "मग?"

"हसायला लागला. म्हणाला, मला काय विचारतोस, तिला विचार. ती लॅटिन शिकलीय, नकार दिला तर तुला कळायचासुद्धा नाही. आणि आधी केस काप."

हा तॉर्मोदच. अगदी त्याचा आवाज आला मला. इतक्या वर्षांनी त्याचं एक नवं वाक्य, जे माझ्याकडे नव्हतं!

आणि खरं लिहायचं तर — आधी मला आनंदच झाला. खडकाच्या आधी. दोराच्या आधी. हा समोरचा टक्कल पडलेला माणूस मला मागत होता, कुणाचंही काही देणं नसताना. मी बटाट्याकडे बघत बसले, कारण तोंडाकडे बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं.

पण तो बोलतच होता. "मग खडक. दोर त्याच्या हातात आला. त्याने माझ्याकडे बघितलं, इशबेल. मी तो प्रश्न विचारला नसता तर त्याने स्वतःला बांधला असता. तुझा होणारा नवरा म्हणून त्याने मला बांधला. तुझ्या आईला काय सांगणार होतो? मागणी घातली आणि मुलगा घेतला, असं?"

म्हणजे हे होतं. माझं सुख आणि त्याचा भार, एकच वाक्य. तो ते वाहत होता, मी माझा न विचारलेला प्रश्न.

मग ओढा आठवला.

"फिन्ले, लहानपणी माळावरून प्रभुभोजनाला जाताना यूअन आमच्याबरोबर असायचा. तॉर्मोदचं आणि त्याचं हाडवैर. रोज मारामारी. एकदा ओढ्याला पाणी चढलं होतं, यूअन रडायला लागला. तॉर्मोदने त्याला पाठीवर घेतलं. मध्यावर यूअनने त्याचा कान चावला, तरी टाकलं नाही. पलीकडे नेऊन उतरवला आणि मग एक ठेवून दिली."

"यूअनने कान चावला?"

"चावला. तुझ्याजागी खडकावर यूअन असता तरी त्याने दोर यूअनला बांधला असता. गाय असती तर गायीला बांधला असता. त्याला दुसरं येतच नव्हतं."

फिन्लेने हातातला बटाटा उलटा फिरवला.

"म्हणजे माझ्यात काही विशेष नव्हतं," म्हणाला.

"काही नव्हतं."

"तुझ्यामुळेही नव्हे."

"माझ्यामुळेही नव्हे. त्याच्या हातात दोर होता आणि शेजारी माणूस होता. बस."

मला वाटलं कठोर बोलले. पण त्याचे खांदे खाली आले — ओझ्याची टोपली कुणी मागून उचलून घ्यावी तसे. मग हसला. डोळे पुसले, बटाट्याच्याच हाताने. "यूअनला बांधला असता," म्हणाला आणि पुन्हा हसला.

दुपारनंतर वडीलजन बसतात. पहिल्यांदा मेजावर येऊ बघणाऱ्याने त्यांच्यापुढे जायचं, त्यांची खात्री पटली तर शिशाचा बिल्ला मिळतो. फिन्लेने कोट घातला. जाताना नेहमी काहीतरी नेतो — मासळी, लोणी, पीटाची गोणी. आज दाराशी घुटमळला, हात बघितले, तसाच गेला.

परत आला. मूठ उघडली. बिल्ला.

"काय विचारलं?"

"फार नाही. यूअन म्हणाला, तीस वर्षांत आज पहिल्यांदा रिकाम्या हाताने आलास. मग म्हणाला, ये."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी त्याचे दात बघत होतो."

पण बिल्ला मिळाला म्हणून माणूस उठतोच असं नाही. खिशात बिल्ला घेऊन मागच्या बाकावरच राहिलेले मी पाहिलेत. शिसं जड असतं.

सोमवार, १७ मार्च

काल शब्बाथ. लेखणी नाही.

पाळकांनी आधी मेजाला कुंपण घातलं — कोणी येऊ नये ते सांगितलं, आणि ते सांगतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं आपलंच नाव घेतात. मग कोणी यावं ते. मग स्तोत्र. एकजण ओळ काढतो, बाकीचे तिला उचलून घेतात, आणि लाटेसारखी ती चर्चभर जाते. आई म्हणायची, हे गाणं ऐकून मेलेले मच्छीमार खाडीच्या तोंडाशी येऊन थांबत असतील. पाळकांना आवडलं नसतं, म्हणून आम्हालाच सांगायची.

गाणं चालू असताना माणसं उठतात. लगबगीने कुणी येत नाही, ते बरं दिसत नाही. पहिलं कडवं झालं. मी पांढऱ्या कापडापुढे बसले. मावशी बसली. दुसरं कडवं. बाक भरत गेले. वळून बघायची रीत नाही. माझ्या डाव्या हाताला जागा होती, मी कोट थोडा आवरून घेतला. तिसरं कडवं. यूअन बाकाच्या टोकाशी बिल्ले घ्यायला उभा. चौथं. शेवटचं.

शेवटच्या ओळीला मागे बूट करकरला.

मला वाटलं, बाहेर चालला. दाराचा वारा येईल म्हणून मी मान आखडून बसले. वारा आला नाही. करकर जवळ येत होती. गाणं संपलं होतं आणि सगळ्या चर्चमध्ये तो एकच बूट वाजत होता.

शेजारी बसला. श्वास लागलेला, इतक्याशा अंतरात. बिल्ला यूअनच्या हातात पडल्याचा आवाज आला. भाकर आली तेव्हा मी तोडली आणि त्याच्याकडे दिली. त्याचा हात थरथरत होता. म्हाताऱ्या मच्छीमाराने म्हटलं होतं, कुडकुडतो. आणि घेतो.

त्याने घेतली.

घरी येताना माझ्या बाजूने चालला. फाटकापाशी म्हणाला, "भाकर साधीच असते की."

"मग काय वाटलं होतं तुला?"

"मागून मोठी दिसायची."

मंगळवार, १८ मार्च

पाहुणे गेले. चादरी भिजत घातल्या. उरलेल्या मटणाचं आज सूप, उद्या सूप.

मोटारीत बसताना मावशी म्हणाली, "पुढल्या वर्षी, जगले तर." दोराच्या आधीच्या त्या दुपारचं तिला सांगणार होते. नाही सांगितलं. ते माझं.

शनिवार, २२ मार्च

गाय पुन्हा यूअनकडे. धरून आणली. फिन्ले गोठ्यात दोराखाली उभा राहिला.

"इशबेल, हा तुला इथे हवाच आहे का?"

"मला? मी तर तुझ्यासाठी ठेवलाय."

"तू दर वर्षी त्याच्या कडेकडेने चुना लावतेस."

"तू दर वर्षी डांबर लावतोस."

मग त्याने दोर काढला आणि गायीला बांधला. चांगला दोर आहे.

भिंतीवर त्याच्या आकाराचा काळा डाग उरलाय. उद्या शब्बाथ. सोमवारी चुना लावीन.